तेरा आणि तीस

सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये माझा पहिला तास.
बसायला पालथे क्रेट,
फळा म्हणून खोक्याचा पुठ्ठा,
समोर चिकाने काळे पडलेले बावीस जणांचे हात.

जुलेखा तडवीने वहीत लिहून आणलं होतं,
'फाइव्ह हँड्स डॅमेज्ड.'
मी लाल पेनाने विचारलं, कुणाचे?
दवाखान्यात नेलं का?
कुणी बोलेना.
मग तुरटीच्या हौदापाशी वायकोळे सर
नाकातल्या नाकात हसले,
"मॅडम, हँड म्हंजे फणी. घडाची."

त्या रात्री वेणी घालताना
फणी हातात तशीच राहिली.
साहेबाला घडात हात दिसला, हाताला बोटं दिसली.
आमच्या लोकांना दिसले दाते,
कुणाच्या तरी केसांतून फिरून आलेले.
अठरा वर्षं इंग्रजी शिकवून
मला एवढंही ठाऊक नव्हतं
की रोज सकाळी दुधाबरोबर
मी एक बोट खाते.

वायकोळे सरांकडे नामं होती, पोतं भरून.
लॅटेक्स, कॅलिपर, लायनर, रीफर,
बोटाच्या जाडीचे आकडे तोंडपाठ.
क्रियापदं मात्र उसनी आणायचे,
आणि परत करायला विसरायचे.
'बनाना वॉश, बनाना ड्राय, बनाना गो.'
मी म्हणायचे, सर, ही केळी स्वतःच आंघोळ करते की काय?
ते म्हणायचे, करते तर बरंच, चार बाया वाचतील.

मालकाने एकदा हिशेब मांडला.
दोघांना मानधन कायले?
एकानेच दोन्ही शिकवा.
पहिला आठवडा माझा.
इथिलीनचं स्पेलिंग मी इतकं छान शिकवलं
की सगळ्यांचं बरोबर आलं.
आणि कोपऱ्यात कुणी ठेवलेला पिकला घड
कच्च्या मालाच्या खोलीत राहू दिला,
वास गोड येत होता म्हणून.
सोमवारी अख्खी खोली पिवळी.
मालक दारात उभा, तोंडाला शब्द नाही,
ना मराठी, ना इंग्रजी.
दुसरा आठवडा सरांचा ठरला होता,
तो कुणी मागितलाच नाही.

चहाच्या वेळी एकदा त्यांनी सूचनांचा कागद पुढे केला.
माझंच वाक्य होतं, 'शुड नॉट गो बिलो थर्टीन.'
"हे शुड काढा."
का? नम्र आहे, व्याकरणात बसतं.
"केळीले शुड कळत नही, मॅडम.
तेराच्या खाली गेली की साल राखेसारखी होते,
मग तिले कितीही प्लीज म्हना."
मी मस्ट लिहिलं.
पेन जरा जोरात टेकलं गेलं.

मग महिनाभर आम्ही एकाच आकड्याला लागलो.
तेराच का, ते सरांनी सांगायचं,
साल फोडून, आतली तपकिरी रेघ दाखवून.
तेरा म्हणताना शेवट लांबवायचा,
तीस म्हणताना सुरुवातीलाच जोर देऊन सोडून द्यायचं,
हे मी, टेबलावर बोटं आपटत.
थर्टीऽऽन. थर्टी.
बाहेर हमाल आमची नक्कल करायचे.

आज जुलेखाचा फोन.
पलीकडे बंदरावरचा माणूस,
त्याचंही इंग्रजी कुठून तरी उसनं आणलेलं,
मागे क्रेनचा आवाज.
सर दाराच्या एका बाजूला, मी दुसऱ्या,
दोघांचे ओठ तिच्याबरोबर हलताहेत.
"सर, थर्टी..."
ती श्वास घ्यायला थांबली.
वायकोळ्यांनी डोळे मिटले.
"...नो. थर्टीऽऽन. वन, थ्री. मस्ट."

वन, थ्री मी शिकवलं नव्हतं.
त्यांनीही नाही.
मग तिने त्याला आणखी काहीतरी विचारलं,
भराभर, हसत,
आणि आम्हा दोघांना ते नीट ऐकू आलं नाही.